मृत्यूशी शेजार

एमिली डिकिन्सन हे नाव उच्चारलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभं राहतं. पांढरे कपडे घातलेली, घराबाहेर न पडणारी, लग्न न केलेली एक बाई खोलीचं दार लावून मरणावर कविता लिहीत बसली आहे. कॉलेजात आम्हांला हीच एमिली शिकवली गेली. तिच्या ज्या दोन-तीन कविता अभ्यासाला होत्या, त्यांतल्या दोन मृत्यूवरच्या. आणि कवयित्रीची मृत्यूविषयीची विकृत ओढ यावर परीक्षेत हमखास टीप यायची. मीही ती लिहिली, मार्क मिळवले आणि यथावकाश बँकेत चिकटले.

पुढे काही वर्षं माझ्याकडे मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. मृत्यूचा दाखला, वारसांचे अर्ज, हमीपत्र, जामीनदारांच्या सह्या असा सगळा रुक्ष मामला. पण समोर बसलेला माणूस कागद पुढे करण्याआधी शेवटच्या दिवसाविषयी बोलायचाच. शेवटी काही त्रास झाला नाही हो, चेहऱ्यावर समाधान होतं, पाणी मागितलं, हात जोडले आणि गेले. बँकेला या माहितीची गरज नव्हती. पण ऐकता ऐकता लक्षात येऊ लागलं, की ही माणसं माझ्यासमोर स्वतःचीच खात्री करून घेत आहेत. त्याच सुमारास एमिली पुन्हा हाती आली. या वेळी कविता बाजूला ठेवून तिचं चरित्र वाचलं, आणि आपण कॉलेजात लिहिलेली टीप साफ चुकली होती हे कळून चुकलं.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला, अ‍ॅमहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथे १० डिसेंबर १८३० रोजी एमिलीचा जन्म झाला. वडील एडवर्ड डिकिन्सन गावातले नामांकित वकील, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचे खजिनदार. पुढे एक मुदत ते काँग्रेसचे सदस्यही होते. थोरला भाऊ ऑस्टिन, धाकटी बहीण लव्हिनिया, मधली एमिली. आजोबांनी बांधलेल्या विटांच्या घरात ती जन्मली. पण १८४० मध्ये कुटुंब दुसऱ्या घरात राहायला गेलं आणि १८५५ पर्यंत तिथेच राहिलं. म्हणजे वयाच्या नवव्या वर्षापासून ऐन चोविशीपर्यंतचा एमिलीचा काळ त्या घरात गेला. आणि त्या घराच्या शेजारी होती गावाची दफनभूमी.

हा तपशील आपण नीट ध्यानात घ्यायला हवा. क्षयाला औषध नव्हतं, टायफस आणि विषमज्वर दर मोसमात घरोघर फिरत होते, बाळंतपणात बायका जात होत्या, पाळण्यातली मुलं जात होती. गावात कोणीही गेलं की प्रेतयात्रा येणार ती याच बाजूला. ज्या मुलीच्या खिडकीसमोरून वर्षानुवर्षं गावातली मेलेली माणसं गेली, तिला मृत्यूविषयी विकृत ओढ होती असं म्हणणं म्हणजे नदीकाठच्या मुलाला पाण्याचा नाद आहे म्हणण्यासारखंच.

१८४४ च्या वसंतात तिची दूरच्या नात्यातली एक मैत्रीण, सोफिया हॉलंड, टायफसच्या तापानं आजारी पडली. वयानं जवळजवळ एमिलीएवढीच. एमिली तेव्हा तेरा वर्षांची. ती मैत्रिणीच्या उशाशी बसायची. पुढे शुद्ध हरपली, आणि डॉक्टरांनी कोणालाही खोलीत सोडायचं बंद केलं. एमिलीनं फार हट्ट धरला तेव्हा दारातून एकदा बघायची परवानगी मिळाली. तिनं पायांतले जोडे काढले, आवाज न करता दारापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. लोकांनी तिला तिथून बाजूला नेईपर्यंत ती हलली नाही. सोफिया गेल्यावर ती रडली नाही. पण नंतर मनानं इतकी खचली, की घरच्यांनी तिला महिनाभर बॉस्टनला नातेवाइकांकडे पाठवलं. हे सगळं तिनं स्वतःच दोन वर्षांनी एका मैत्रिणीला पत्रातून कळवलं आहे. अनवाणी पायांनी उंबऱ्यात उभी राहून आत बघणारी ही मुलगी मला तिच्या पांढऱ्या कपड्यांपेक्षा जास्त खरी वाटते.

त्या काळची अमेरिकन कविता मृत्यूनं भरलेली होती. अ‍ॅमहर्स्टपासून फार लांब नसलेल्या कमिंग्टन गावातल्या विल्यम कलन ब्रायंटची मृत्यूवरची कविता १८१७ मध्ये छापून आली. मरण म्हणजे राजे, शहाणे, लहानथोर अशा सगळ्यांसोबत एका मोठ्या शयनगृहात जाऊन पडणं, असा धीर देणारी ती कविता शिकलेल्या घरांतून पाठ म्हटली जाई. दुसरीकडे हार्टफर्डच्या लिडिया सिगर्नीबाई. गेलेल्या मुलांवर त्यांनी इतक्या कविता लिहिल्या, की अनोळखी लोक पत्रं पाठवून आपल्या घरच्या मृत्यूवर कविता मागवत. एकानं तर पाळलेल्या कॅनरी पक्ष्यासाठीही मागणी केली होती, असं त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. या कवितांतली मुलं कधी तडफडत नाहीत. ती हसतात, आईला दिलासा देतात आणि देवदूतांबरोबर निघून जातात. बॉस्टनजवळ १८३१ मध्ये माऊंट ऑबर्न ही बागेसारखी दफनभूमी झाली होती. झाडं, तळी, वळणाचे रस्ते. लोक तिथे फिरायला जात. १८४६ मध्ये बॉस्टनला गेलेली एमिलीसुद्धा ती पाहून आली. मरणाला सजवून, त्याचे कोपरे घासून सुसह्य करण्याचा तो काळ होता.

याला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? एकदा एक बाई आपल्या मुलाचं अज्ञान खातं बंद करायला आली. पासबुकात थोडीच रक्कम होती. मला काय बोलावं सुचेना, आणि तोंडातून आपलं नेहमीचंच वाक्य गेलं, की देवाला आवडला म्हणून त्यानं नेला. तिनं वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, की देवाकडे मुलांची काय कमी होती? मी मान खाली घालून व्हाऊचर लिहायला घेतलं. असा प्रश्न विचारणारं माणूस समोर आलं की आपली सगळी वाक्यं संपतात. एमिली डिकिन्सन आयुष्यभर तोच प्रश्न विचारत राहिली.

अ‍ॅमहर्स्टच्या धर्मनिष्ठ वातावरणात हे सोपं नव्हतं. १८४७ मध्ये ती मेरी लायनबाईंच्या माऊंट होल्योक इथल्या मुलींच्या विद्यालयात गेली. तिथे विद्यार्थिनींच्या तीन याद्या होत्या: ज्यांनी ख्रिस्ताचा जाहीर स्वीकार केला आहे त्या, ज्यांना तशी आशा आहे त्या, आणि ज्यांना आशाच नाही त्या. एमिलीचं नाव अखेरपर्यंत तिसऱ्या यादीत राहिलं. पुढे गावात धर्मजागृतीची लाट आली, १८५० मध्ये वडील आणि लव्हिनिया चर्चचे रीतसर सभासद झाले, नंतर ऑस्टिनही झाला. एमिली झाली नाही. मात्र ती नास्तिकही नव्हती. स्वर्ग आहे असं सगळे खात्रीनं सांगत होते आणि तिला तो असायला हवाच होता. फक्त माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे असं सांगणं तिला जमत नव्हतं.

वडिलांच्या ऑफिसात वकिली शिकायला आलेला बेंजामिन न्यूटन हा तिचा पहिला वाङ्मयीन मित्र. त्यानं तिला इमर्सनच्या कविता भेट दिल्या, कविता लिहायला धीर दिला. तो १८५३ मध्ये क्षयानं गेला. वुस्टर गावचे धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल यांना न्यूटनच्या शेवटच्या दिवसांची माहिती असेल असं तिला वाटलं. हेल यांना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. तरी जानेवारी १८५४ मध्ये त्यांना तिनं पत्र लिहिलं आणि विचारलं, की जाताना तो प्रसन्न होता का, त्याची जायची तयारी झाली होती का. ते वाचताना मला माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीवरची माणसं आठवली. फरक एवढाच, की ती माणसं उत्तर घेऊनच येत. तेवीस वर्षांच्या एमिलीजवळ फक्त प्रश्न होता.

१८५५ च्या शेवटी कुटुंब विटांच्या जुन्या घरात परत आलं. शेजारीच ऑस्टिननं लग्न करून संसार मांडला. त्याची बायको सुझन ही एमिलीची जिवाची मैत्रीण. आई सतत आजारी. घरातला पाव एमिली भाजायची, कारण वडिलांना तिच्याच हातचा लागे. गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला १८५६ मध्ये दुसरं बक्षीस मिळालं होतं. बागेत ती रमायची. शेजारच्या मुलांसाठी खिडकीतून टोपलीला दोरी बांधून खाऊ खाली सोडायची. कविता ती रात्री लिहायची. १८५८ पासून तिनं त्या स्वच्छ अक्षरात उतरवून, कागद दुमडून, सुईदोऱ्यानं शिवून छोट्या वह्या करायला सुरुवात केली. अशा चाळीस वह्या झाल्या, त्यांत आठशेवर कविता; आणि घरात कोणाला याचा पत्ता नाही.

मग यादवी युद्ध आलं. अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर स्टर्न्स हा ऑस्टिनचा मित्र. १४ मार्च १८६२ रोजी उत्तर कॅरोलायनातल्या न्यू बर्नच्या लढाईत तो गोळी लागून पडला. त्याचं शव गावात आणलं गेलं; पण चेहरा कोणालाही पाहू दिला नाही, बापालासुद्धा नाही. ऑस्टिन तर सुन्न होऊन हिंडत होता. शेवटचं दर्शन, शेवटचे शब्द, समाधानाचा चेहरा या ज्या गोष्टींवर त्या पिढीचा सगळा धीर उभा होता, त्या युद्धानं हिसकावून घेतल्या. मुलं कुठेतरी लांब, अनोळखी शेतात मरत होती. सहा लाखांहून अधिक माणसं त्या चार वर्षांत गेली. वॉल्ट व्हिटमन जखमी भावाला शोधायला गेला आणि वॉशिंग्टनच्या इस्पितळांत सैनिकांच्या उशाशी बसायला राहिला. त्यांच्या घरी पत्रं लिहायचा, त्यांना फळं आणि तंबाखू न्यायचा. त्याची मृत्यूवरची कविता त्या खाटांमधून आली आहे, मोठ्या आवाजाची, सगळ्या राष्ट्राला कवेत घेणारी. एमिली आपल्या खोलीतल्या छोट्याशा टेबलाशी होती. पण अभ्यासकांनी हस्ताक्षरावरून कवितांची वर्षं लावली तेव्हा दिसलं, की १८६२ मध्ये तिनं २२७ कविता लिहिल्या आणि १८६३ मध्ये २९५. एवढ्या कविता तिनं दुसऱ्या कुठल्याही वर्षी लिहिल्या नाहीत.

या कवितांत मरण कसं येतं? एका कवितेत तो सभ्य गृहस्थासारखा गाडी घेऊन दारात येतो, घाई करत नाही, शाळेवरून, शेतांवरून गाडी हाकतो आणि जमिनीवरच्या एका लहानशा उंचवट्यापाशी थांबतो. एका कवितेत एक माणूस समोरच्या घराकडे बघतो आहे. डॉक्टरची गाडी निघून गेली, खिडकीतून गादी बाहेर टाकली, पाद्री तरातरा आत शिरला. म्हणजे तिथे कोणी तरी गेलं. वाड्यात वाढलेल्या माणसाला ही कविता कोणी समजावून द्यायला नको. आणि सगळ्यांत प्रसिद्ध ती माशीची. नातलग श्वास रोखून जमले आहेत, रडून डोळे कोरडे झाले आहेत, वस्तूंची वाटणी झाली आहे, आता परमेश्वरी साक्षात्काराची तेवढी वाट पाहायची. आणि मधे गुणगुणत येते एक माशी. बस. पुढे काही दिसत नाही. सिगर्नीबाईंच्या देवदूताच्या जागी माशी बसवणारी ही बाई क्रूर आहे असं मला कॉलेजात वाटलं होतं. आता वाटतं, की शेवटच्या क्षणाविषयी तिनं एवढंच लिहिलं जेवढं खोलीत बसलेल्या माणसाला शपथेवर सांगता येईल.

एप्रिल १८६२ मध्ये, म्हणजे फ्रेझर गेल्यावर महिन्याभरात, तिनं थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन या लेखकाला चार कविता पाठवल्या आणि विचारलं, की यांत जीव आहे का? पत्रावर सही नव्हती. नावाचं कार्ड वेगळ्या छोट्या पाकिटात घातलेलं होतं. हिगिन्सन भला माणूस. पुढे तो काळ्या सैनिकांच्या पलटणीचा कर्नल झाला. त्याला या कविता धड कळल्या नाहीत, पण सोडवल्याही नाहीत. पत्रव्यवहार तिच्या अखेरपर्यंत चालला आणि भेटी फक्त दोन झाल्या.

बाहेर जाणं हळूहळू बंद झालं. १६ जून १८७४ रोजी वडील बॉस्टनमध्ये गेले. सकाळी विधिमंडळात भाषण करताना त्यांना अस्वस्थ वाटलं, संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. वडिलांबरोबरची अखेरची दुपार तिनं एकटीनं घालवली होती. ही दुपार संपू नये असं ते म्हणाले, तेव्हा ती इतकी संकोचली, की ऑस्टिनबरोबर फिरून या असं तिनंच सुचवलं. अंत्यविधी घरातच झाला. ती वरच्या खोलीत बसून राहिली, दार थोडंसं किलकिलं ठेवून. आयुष्यभर लोकांची इस्टेट मार्गी लावणारे हे वकील स्वतः मृत्युपत्र न करताच गेले. माझ्या टेबलावर अशी उदाहरणं थोडी नव्हती. एमिलीनं मात्र पुढच्याच वर्षी आपलं मृत्युपत्र केलं आणि सगळं लव्हिनियाच्या नावे ठेवलं.

वडील गेल्याला वर्ष होतंय तोच आईला अर्धांगाचा झटका आला. त्यानंतर सात वर्षं आई अंथरुणाला खिळून होती आणि दोघी बहिणींनी तिचं सगळं केलं. चरित्रकार ही सात वर्षं एका परिच्छेदात आटोपतात. ज्यांनी घरात असं दुखणं काढलं आहे त्यांना कळेल, की त्या परिच्छेदात किती रात्री आहेत. कूस बदलणं, चमच्यानं भरवणं, चादरी, आणि परत तेच. एमिलीचं आणि आईचं कधी फारसं जुळलं नव्हतं. आई लेकरू झाली तेव्हा माया सुरू झाली, अशा अर्थाचं तिनं आई गेल्यावर लिहून ठेवलं. तो नोव्हेंबर १८८२.

त्या दहा वर्षांत तिची माणसं एकामागून एक जात होती. संपादक मित्र सॅम्युएल बोल्स, ज्यांना ती फार मानत होती ते धर्मोपदेशक वॉड्सवर्थ, उतारवयात जिव्हाळा जडलेले न्यायमूर्ती ओटिस लॉर्ड. पण जो घाव भरला नाही तो गिबचा.

गिब म्हणजे ऑस्टिन-सुझनचा धाकटा मुलगा, गिल्बर्ट. आठ वर्षांचा, सगळ्या गल्लीचा लाडका. १८८३ च्या शरदात मित्राबरोबर चिखलात खेळला आणि विषमज्वर घेऊन आला. एमिली वर्षानुवर्षं शेजारच्या त्या घरात गेली नव्हती. मधे फक्त हिरवळ होती. ४ ऑक्टोबरच्या रात्री ती हिरवळ ओलांडून ती गेली आणि मुलाच्या खोलीत थांबली. जंतुनाशकांच्या वासानं तिचं डोकं भणभणलं, पहाटे तीनच्या सुमारास तिला घरी परत यावं लागलं, आणि आल्यावर उलट्या सुरू झाल्या. ५ तारखेला गिब गेला.

तापाच्या ग्लानीत तो मुलगा दार उघडा, दार उघडा म्हणत होता. ते माझी वाट बघताहेत, असं सांगत होता. सिगर्नीबाईंना हे सापडलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी देवदूतांची कविता पुरी केली असती. एमिलीनं एका मैत्रिणीला पत्रात हे सगळं कळवलं, आणि पुढे एवढंच लिहिलं, की त्याची वाट बघणारे ते कोण होते हे कळावं म्हणून आम्ही आमच्याजवळ आहे ते सगळं देऊन टाकू. देवदूत होते असं ती म्हणाली नाही. कोणी नव्हतं, तापातली बडबड होती, असंही म्हणाली नाही. सोफियाच्या दारात अनवाणी उभ्या राहिलेल्या मुलीला चाळीस वर्षांनीही उंबरा ओलांडता आला नव्हता, आणि आपण ओलांडल्याचा आव तिनं आणला नाही.

त्यानंतर तिची तब्येत सुधारली नाही. जून १८८४ मध्ये स्वयंपाकघरात केक करताना ती चक्कर येऊन पडली. मे १८८६ मध्ये धाकट्या मावसबहिणींना तिनं दोन शब्दांचं पत्र पाठवलं. अर्थ असा, की मला परत बोलावलं आहे. पुढे अनेक वर्षांनी भाचीनं तिच्या थडग्यावर तेच दोन शब्द कोरले. १५ मे रोजी संध्याकाळी ती गेली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पेटी पांढरी होती. न्यायमूर्ती लॉर्डना द्यायला म्हणून लव्हिनियानं तिच्या हाताशी हेलिओट्रोपची दोन फुलं ठेवली. हिगिन्सन आला होता. त्यानं एमिली ब्राँटीची कविता वाचली. घरी काम केलेल्या सहा आयरिश गड्यांनी तिच्या इच्छेप्रमाणे पेटी मागच्या दारानं काढली आणि बागेतून, कोठारातून, पिवळ्या फुलांच्या शेतांतून नेली. रस्त्यावरून मिरवत नेली नाही. पोचली ती मात्र जुन्या घराशेजारच्या दफनभूमीतच.

सांगून ठेवल्याप्रमाणे लव्हिनियानं तिला आलेली पत्रं जाळली. मग खणात त्या शिवलेल्या वह्या सापडल्या आणि ती हबकली. हयातीत छापल्या गेल्या होत्या जेमतेम दहा कविता, त्याही विनानावाच्या. आणि एकूण भरल्या जवळजवळ अठराशे. काही तर पाकिटांच्या पाठीवर, एक चॉकलेटच्या वेष्टनावर. मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी १८९० मध्ये पहिलं पुस्तक काढलं, यमकं दुरुस्त करून, कवितांना नावं देऊन. गाडीच्या कवितेतलं एक कडवं त्यांनी गाळलंच. लोकांनी पुस्तक उचलून धरलं. मूळ शब्दांतल्या सगळ्या कविता एकत्र यायला १९५५ साल उजाडावं लागलं.

मी नोकरीत मृत्यूचे शेकडो दाखले हाताळले, म्हणून तिच्या मृत्यूच्या नोंदीपाशी मी जरा जास्त थांबले. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं आहे: घरी. रोगाच्या रकान्यात मूत्रपिंडाचा विकार. आणि आजाराचा कालावधी, अडीच वर्षं. मे १८८६ मधून अडीच वर्षं वजा केली की गिब गेला तो शरद लागतो.